तोंडानं पाहू नको

“तोंडानं पाहू नको, डोयानं पाह्य,” असं म्हणत ते डाव्या डोळ्याखालची कातडी बोटानं खाली ओढायचे. ते जुने ड्रायव्हर; इंजिनात कोळसा टाकणारे आम्ही फायरमन लोक त्यांना उस्ताद म्हणायचो. ड्रायव्हरकीच्या परीक्षेआधी ते आम्हाला अकोल्याच्या स्टेशनामागं लिंबाखाली शिकवत.

इंजिनावरची रीत तुम्हाला सांगतो. सिग्नलच्या खांबावरचा हात खाली पडला की रस्ता मोकळा, आडवा असला की थांबायचं. ड्रायव्हरनं पाहून मोठ्यानं सांगायचं, फायरमननं स्वतः पाहून पुन्हा सांगायचं. उस्ताद म्हणत, माणसं मरतात ती इथंच. एकजण सवयीनं ‘पडला’ म्हणतो, दुसरा ऐकून म्हणतो, आणि पाहत कोणीच नसतं.

मग ते स्वतःच सिग्नल होऊन उभे राहायचे. बऱ्याचदा हात खाली पाडायचे आणि मध्येच आडवा ठेवायचे. आमची टोळी एका सुरात म्हणायची, पडला. “मेले सारे,” म्हणून ते मटकन खाली बसायचे. आम्ही हसायचो, ते हसत नसत.

एकदा मोर्णेच्या पुलावर बैलगाडी निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, उजव्या बैलाचं शिंग कुणीकडं वळलं होतं? मी ठोकून दिलं, आत. ते म्हणाले, त्याला ते शिंगच नव्हतं.

पुढं मी त्यांच्याच इंजिनावर फायरमन झालो. बडनेऱ्याच्या अलीकडं एका दुपारी त्यांनी मला हळूच विचारलं, “पडला का रे?” आधी सांगायचं ते त्यांनी, आणि विचारत होते मला. माझ्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

डोळ्यांची तपासणी जवळ आली. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता कधी बदलत नसे, आम्हा साऱ्यांना तो पाढ्यासारखा पाठ. इंजिन हातचं गेलं तर हा माणूस जगायचा नाही, हे त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. दीक्षा घेतल्यापासून ती घरात रोज सकाळी पंचशील म्हणे, खोटं बोलणार नाही असंही त्यात आलंच. त्याच बाईनं नवऱ्याकडून तो तक्ता घोकून घेतला. कसंही करा पण पास व्हा, म्हणाली.

रांगेत मी त्यांच्या मागंच होतो. दोन ओळी त्यांनी धडाधड म्हटल्या आणि थांबले. बोट डोळ्याखाली गेलं.

“साहेब, हे मी तोंडानं पाहून राहिलो. डोयानं दिसत नाई.”

मला त्यांचा संताप आला. अजूनही येतो. आणखी दोनच ओळी होत्या हो.

इंजिन गेलं, पुढं उरलीसुरली नजरही गेली. मग ते रोज प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाकावर येऊन बसत आणि येईल-जाईल त्याला सिग्नल विचारत. लोक बिचारे मन राखायला पडला म्हणत. मी ड्रायव्हर झालो त्या साली एकदा गाडी घेऊन तिथंच उभा होतो. उस्तादांनी एका हमालाला विचारलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, पडला.

सिग्नल आडवा होता. उस्तादांनी माझ्या इंजिनाकडं कान दिला. सिग्नल पडला असता तर गाडी निघाली असती; ती हलली नाही, तसे ते चाचपडत उठले.

“पाह्य ना रे बाबू. माह्यासाठी तरी पाह्य.”

हमाल केव्हाच पुढं गेला होता. आडवा आहे, उस्ताद, असं मी वरून ओरडलो, पण वाफेच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते त्या रिकाम्या जागेला हात जोडून उभेच होते.