निर्मलाक्काची झूम लेन्स

फोटो काढताना निर्मलाक्का कुणालाही ‘हसा’ म्हणत नसत. स्टुलावर बसवायच्या, हनुवटीला बोट लावून तोंड जरा दिव्याकडे वळवायच्या आणि कॅमेऱ्यामागे गप्प उभ्या राहायच्या. समोरचा माणूस आधी ताठ बसायचा, मग अवघडायचा, मग कंटाळायचा. कंटाळून त्यानं श्वास सोडला की खटका वाजायचा. “आता दिसलात,” त्या म्हणायच्या, “मघाशी कुणी दुसराच बसला होता.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो वकिलीच्या सनदेसाठी फोटो काढायला. धुळ्यात देवपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली होती. पुढच्या अर्ध्या भागात स्टुडिओ, पडद्यामागे स्वयंपाक. फोटो बघून मी म्हणालो की मी यात जरा दमलेला दिसतोय. त्यांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. “दमलेलेच आहात. वकिली अजून सुरू व्हायचीय, तोवर बरं दिसून घ्यायचं होतं तर दुसरीकडे जायचं.” तेव्हापासून आमची ओळख. त्या मला ‘वकील’ म्हणायच्या, मी त्यांना अक्का.

त्यांचा नवरा एस. टी.च्या वर्कशॉपात होता. हौसेनं फोटो काढायचा. आखातातून आलेल्या एका नातेवाइकाकडून त्यानं जपानी कॅमेरा घेतला होता, जुना पण दणकट. तो काविळीनं गेला तेव्हा अक्का तिशीच्याही नव्हत्या, मुलगा शाळेत. सासरच्यांनी कॅमेरा विकायला सांगितला. अक्कांनी तो विकला नाही, शिकून घेतला. बारसं, डोहाळजेवण, हळद अशा बायकांच्या कार्यक्रमांना त्यांना बोलावणं येऊ लागलं. बाया त्यांच्यासमोर पदर सावरायची घाई करत नसत आणि म्हणून ते फोटो चांगले येत.

पण मोठ्या कार्यक्रमात त्यांचा निभाव लागत नसे. सभा असो की लग्न, मंचासमोर शहरातले पुरुष फोटोग्राफर रांगेनं उभे. अक्का पुढे सरकल्या की कुणाचं तरी कोपर बरगडीत बसायचं. एकदा एकानं त्यांना सांगितलं की बाई, बायकांच्या बाजूला जा, तिकडं पदरांचे फोटो काढा. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज अगदी सपाट होता. मग म्हणाल्या, “त्यांच्यात घुसायचंच नाही. लांबून काढायचे. लांबून काढायला झूम लेन्स लागते.”

त्यांच्या कॅमेऱ्याच्या कंपनीची झूम लेन्स त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. दुसऱ्या कंपन्या तशाच लेन्स बनवत, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना बसतील अशा, आणि त्या निम्म्याहून स्वस्त मिळत. फोटोग्राफर मंडळींच्या संघटनेचे अध्यक्ष हिरामणभाऊ होते. त्यांनी जळगावातलं एक दुकान सुचवलं आणि आपलंही काम आहे म्हणून बरोबर आले. दुकानात काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. अक्कांनी सांगितलं तेच मला माहीत आहे. त्यांनी आपला कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि विचारलं की ही लेन्स या कॅमेऱ्याला चालेल का. शेठनं लेन्स फिरवून बसवली, रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखून त्यांच्या हातात दिली. पाटीवरचं अक्षर न् अक्षर दिसलं. अक्कांनी पुन्हा विचारलं, “नुसती बसते की चालते?” शेठ म्हणाले, “चालेल. बिनधास्त घ्या, वर्षाची वॉरंटी आहे.” हिरामणभाऊ बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, “अक्का, बठ्ठं नीट शे. घी ल्या.” म्हणजे सगळं ठीक आहे, घेऊन टाका.

वॉरंटीच्या इंग्रजी कार्डावर शिक्का मारून मिळाला. अक्का ते कार्ड माझ्याकडे वाचायला घेऊन आल्या, पण खरेदीनंतर. त्यात लिहिलं होतं की बनावटीत दोष निघाला तर वर्षभरात दुरुस्ती करून मिळेल, आणि खाली बारीक अक्षरात असंही की वस्तू आपल्या कॅमेऱ्याशी जुळते याची खात्री ग्राहकानं स्वतः करून घ्यावी. मी तेही वाचून दाखवलं. “केली की,” अक्का म्हणाल्या. “दोनदा विचारून केली.”

घरी आल्यावर त्यांनी एक रोल खर्चून लेन्स तपासली, एका बारशाला, घरातल्या उजेडात. फोटो स्वच्छ आले. त्या खूश होत्या. मला आठवतं, त्या आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या चिमण्यांचेसुद्धा फोटो काढले, गच्चीवरच्या सावलीत बसून.

मग नरडाण्याकडच्या एका खेड्यातलं काम आलं. तिथल्या वस्तीनं बुद्धविहार बांधला होता. त्यासाठी सखाराम आबा नावाचे म्हातारे कित्येक वर्षं गावोगाव फिरून विटा, सिमेंट, लाकूड मागून आणत होते. विहाराचं उद्‌घाटन आबांच्याच हातून व्हायचं होतं. अक्का त्यांच्याच समाजाच्या, म्हणून काम त्यांना मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. एप्रिलचं ऊन, भरदुपार, पांढरीशुभ्र भिंत आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेली माणसं. अक्का समोरच्या घराच्या धाब्यावर चढल्या आणि झूम लेन्स लावून सगळा सोहळा टिपला. आबांनी फीत कापली, आबा आत गेले, मूर्तीसमोर बसले, बाहेर येऊन पायरीवर रडले. हे सगळं मला नंतर अक्कांनी सांगितलं. दुसरीकडे कुठं पाहायला ते उरलं नाही.

रोल धुऊन आले तेव्हा निगेटिव्ह काळ्याठिक्कर होत्या. छापून पाहिल्या तर कागदावर पांढरा फुफाटा. माणसांच्या आकाराची भुरकट कड आणि मध्ये काही नाही. अक्कांनी रात्रंदिवस डोकं घालून कारण शोधलं. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सच्या आतली पाती पूर्ण उघडी असतात. ऊन जास्त असेल तर खटका दाबताक्षणी ती आपण ठरवू तेवढी मिटली पाहिजेत, म्हणजे उजेड बेताचा आत येतो. पाती मिटवणारा दांडा कॅमेऱ्यात असतो. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा दांडा या लेन्सच्या खुंटीपर्यंत पोचतच नव्हता. त्यामुळे पाती मिटतच नव्हती. घरात, सावलीत ती उघडीच लागतात, म्हणून तिथं काही कळलं नाही.

फोटो बिघडल्याचं सांगायला त्या स्वतः गावात गेल्या. घेतलेला मोबदला परत दिला. कुणी आवाज चढवला नाही. तेच त्यांना जास्त लागलं. एकजण एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी हिरामणभाऊंना सांगू. आबांनी एक फोटो मागून घेतला, उन्हात धरून पाहिला आणि विचारलं, “मी दिसनू नही का, माय?” अक्का म्हणाल्या, त्याच कपड्यात बसा, मी आत्ता काढते, साध्या लेन्सनं. आबांनी मान हलवली. “तो दिन आते कथाईन आनशी?” म्हणजे तो दिवस आता कुठून आणशील. पावसाळा संपायच्या आत आबा वारले.

अक्का जळगावला शेठकडे गेल्या. शेठनं लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावली, खटका दाबून दाखवला आणि सांगितलं की लेन्समध्ये काही दोष नाही, वॉरंटी दोषाची असते. अक्का म्हणाल्या की तुम्हीच चालेल म्हणाला होतात. शेठ हसले. मी म्हटलं असेन बसेल, ते म्हणाले, बसतेच की. शिवाय तुमच्याच हातून काही झालं असेल, बायकांना या वस्तू जपता येत नाहीत. हे वाक्य अक्कांनी मला सांगितलं आणि विचारलं की यावर खटला होतो का.

ग्राहकांसाठीचा नवा कायदा तेव्हा आला होता, जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच सुरू होत होते. मी त्यांना तक्रार लिहून दिली. बाजू त्यांनी स्वतः मांडायची ठरवली. साक्षीला हिरामणभाऊ येणार होते, तसं त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं. आम्ही तारखांना एस. टी.नं जळगावला जायचो. पारोळा आलं की अक्का पिशवीतून कॅमेरा काढून पुन्हा एकदा लेन्स लावून बघायच्या, जणू मधल्या काळात ती सुधारली असेल.

शेवटच्या तारखेला शेठच्या वकिलानं नवा कोरा कॅमेरा आणला. त्याची मागची झडप उघडी ठेवून लेन्स लावली, मंचाच्या सदस्यांना आतून बघायला सांगितलं आणि खटका दाबला. पाती फुलासारखी मिटली. सदस्यांनी माना डोलावल्या. मग अक्का उठल्या. तीच लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावली, खटका दाबला. पाती हलली नाहीत. वकील लगेच म्हणाला, म्हणजे दोष बाईंच्या कॅमेऱ्यात आहे. अक्कांनी कॅमेऱ्याची मूळची छोटी लेन्स लावली आणि पुन्हा दाबला. पाती मिटली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “दोष कॅमेऱ्यात नाही, लेन्समध्येही नाही. दोष यांच्या ‘चालेल’मध्ये आहे. त्याची वॉरंटी कुणी द्यायची?”

मंचाचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं की ‘चालेल’ असं म्हणाल्याचं कुणी ऐकलं आहे का. अक्कांनी हिरामणभाऊंकडे बोट दाखवलं. हिरामणभाऊ उभे राहिले, खिशातला रुमाल काढून मान पुसली आणि म्हणाले की मी त्या दिवशी बरोबर होतो हे खरं, पण बोलणं चाललं तेव्हा बाहेर चहा घेत होतो.

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग घरच्या बोलीत, हळू, फक्त त्यांनाच म्हणाल्या, “भाऊ, तुमीच म्हनेल व्हतं ना, घी ल्या?” हिरामणभाऊ खाली बसले. त्याच महिन्यात धुळ्यासाठी त्या दुकानाचा माल विकायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

तक्रार फेटाळली गेली. वस्तूत दोष सिद्ध होत नाही आणि तोंडी आश्वासनाला पुरावा नाही, असं निकालात होतं. कायद्यानं त्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. वर दाद मागू म्हटलं तर अक्का म्हणाल्या, “तिथं तरी नवं कोण ऐकलेलं असणार?” पायऱ्या उतरताना शेठ मागून आले आणि अगदी आपुलकीनं म्हणाले की अक्का, मन कडू करू नका, नवीन कॅमेरा घ्या, त्याला ही लेन्स झकास चालते. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण चांगला सल्ला देतोय.

विहाराची गोष्ट आसपासच्या वस्त्यांत पसरली होती. कारण कुणी सांगत नव्हतं, एवढंच सांगत की बाईनं फोटो घालवले. बाहेरची कामं थांबली. वर्षभरानं हिरामणभाऊ अक्कांच्या खोलीवर आले. लेन्स पडूनच आहे तर मला द्या, म्हणाले, माझ्या कॅमेऱ्याला चालेल. मी तिथं होतो. मला वाटलं, अक्का त्यांना बाहेर काढतील. त्यांनी कपाट उघडलं, लेन्स काढली, काच पदरानं पुसली आणि पैसे घेऊन दिली. मुलाला कॉलेजात घालायचं होतं. ते गेल्यावर मी काहीतरी चिडून बोललो, तर म्हणाल्या, “त्यांना चालते ती. कशाला पडून राहू देऊ?” पुढे आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत ती लेन्स हिरामणभाऊंच्या गळ्यात मी पाहिली. अक्काही रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पांढरी साडी, हात रिकामे. मिरवणूक संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

नंतर पासपोर्ट फोटो तेवढे चालू होते. मुलगा सुरतेला कामाला लागला आणि त्यानं आईला बोलावून घेतलं. जायच्या दिवशी मी बस स्टँडवर पोचवायला गेलो. सामान फार नव्हतं. कॅमेरा दिसला नाही, मीही विचारलं नाही. बस लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

“वकील, एक विचारू? इतकी वर्षं झाली. शेठ म्हणतात ते नुसतं ‘बसेल’ म्हणाले. भाऊ म्हणतात त्यांनी ऐकलं नाही. निकालात तसंच लिहिलंय. आता रात्री कधी तरी मलाच वाटतं, ‘चालते का’ हे मी विचारलंच नसेल. नुसती लेन्स बघून हुरळले असेन. मी विचारलं होतं ना?”

मी त्यांचा शब्द पहिल्या दिवसापासून खरा मानला होता. अजूनही मानतो. पण वकिलीनं जिभेला लावलेली सवय अशी, की जे स्वतः पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगता येत नाही. मी म्हणालो, “अक्का, तुम्ही विचारलंच असणार.”

“असणार,” त्या म्हणाल्या. बस आली होती. त्यांनी पिशवी उचलली आणि मागे न बघता चढल्या.