दुसरं बटण तुटलेला शर्ट

गणपत शिंप्याच्या दुकानात काल एकाच रंगाचे इतके जांभळे शर्ट टांगलेले दिसले, की सूर्यसुद्धा तिथून अंग चोरून गेला असेल. नटाच्या अंगावरचा शर्ट ओरबाडून मिरवणाऱ्या एका माथेफिरू चाहत्यावरच्या सिनेमातला तो शर्ट. मी पेपरातल्या परीक्षणात ठणकावलं होतं, की हा सिनेमा पाहणारा माणूस नटाच्या वेडातून कायमचा बरा होईल. ते वाचून अर्धा तालुका रडला, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगत होतो.

"भाऊ, 'बघाच' म्हणून तुम्हीच लिहिलंत ना?" गणपत कात्री आपटत म्हणाला. "आता सगळ्यांना त्या येड्याचा शर्ट पाहिजे, तोही दुसरं बटण तुटलेला! तीस वर्षांत माझ्याकडून बिनबटणाचा शर्ट गेलेला नाही."

मी मान खाली घातली. माणसाला थोबाडीत मारली, तरी तो आधी मारणाऱ्याच्या हातातलं घड्याळ बघतो, असं काहीतरी थोर सुचत होतं. तेवढ्यात आरशात माझ्या खांद्याशी टांगलेल्या शर्टाचा तो जांभळा रंग दिसला, आणि तो मला शोभत होता.

"गणपत, माझंही माप घे."

त्यानं सुस्कारा सोडला. "आणि बटण?"

"तोड. पण दोरा लोंबता ठेव, सिनेमात तसाच आहे."