चालू प्रोग्राममधली दुरुस्ती

मी मुळातच घाबरट. दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचतो. असा माणूस लिस्पसारख्या जुन्या, कंसांनी भरलेल्या, मोजक्या लोकांच्या प्रोग्रामिंग भाषेच्या नादी कसा लागला, हे माझं मलाच कोडं आहे.

कर्जतच्या डायलिसिस केंद्रासाठी मी एक वेबपान करून द्यायचं कबूल केलं, ते मावशीमुळे. ती कशेळ्याच्या पुढे राहते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जीपने यायचं आणि वीज नाही म्हणून केंद्र बंद दिसलं की हात हलवत परत जायचं. शेजारी भिवपुरीला वीज तयार होते आणि आमच्याकडची मात्र सारखी जाते, दिव्याखाली अंधार तो हाच. केंद्र आज चालू की बंद, एवढं मोबाइलवर दिसलं की झालं. दुसऱ्या भाषेत हे चार दिवसांचं काम. माझे दोन आठवडे नुसत्या लायब्रऱ्या निवडण्यात गेले.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार भाग. लिस्पमध्ये एकाच कामाच्या चार-पाच सापडतात, प्रत्येक कुणा एकट्याने हौसेने लिहिलेली आणि वर्षानुवर्षं हात न लावलेली. लिस्पवाले म्हणतात, ती सोडून दिलेली नसते, पूर्ण झालेली असते. म्हणायला काय जातं! लिहिणारा कंटाळला असेल तर? हयातच नसेल तर? मी त्या अनोळखी माणसांनी इंटरनेटवर लोकांच्या शंकांना दिलेली जुनी उत्तरं उकरून वाचत बसायचो. बायको म्हणाली, ‘‘माझ्या वेळी तुमच्या घरच्यांनी एवढी चौकशी नव्हती केली.’’

पानं दाखवण्यासाठी शेवटी एक छोटी, जुनी लायब्ररी घेतली. तिच्यात खोड निघालीच. एकदा तयार केलेलं पान ती धरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीही तेच दाखवायची. लिस्पची गंमत अशी की प्रोग्राम न थांबवता, चालू असतानाच त्यातला भाग बदलता येतो. मी तसंच केलं आणि स्वतःवर खूश झालो. तोच बदल फाइलमध्येही लिहावा लागतो, नाहीतर प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की तो पुसला जातो. उद्या लिहू म्हटलं आणि विसरलो.

महिनाभर पान बिनचूक चाललं. बंद असलं की केंद्रातून पेशंटना फोन जायचे, ते कधी लागायचे, कधी नाही; आता केंद्राने ते करणंच बंद केलं. मग एका सोमवारी सकाळीच वीज गेली आणि प्रोग्राम ज्यावर चालायचा तो केंद्राचा कॉम्प्युटरही बंद पडला. दुपारी इन्व्हर्टर जोडल्यावर तो माझ्या दुरुस्तीशिवाय सुरू झाला. सिस्टरनी ‘आज बंद’ अशी नोंद केली आणि लायब्ररीने ते पान धरून ठेवलं.

मंगळवारी मावशीच्या डायलिसिसची पाळी होती. अकराला सिस्टरचा फोन आला, ‘‘केंद्र चालू आहे, तरी तुमच्या मावशी आल्या नाहीत.’’ मावशीला फोन लावला.

‘‘बंद हाय ना रं आज? पानावर तसंच दिसतंय,’’ ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती.

मी टेंपोवाल्या मित्राला घेऊन निघालो. वाटभर ती कशी असेल, याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, तरी ती ओटीवर पिशवी भरून बसली होती. संध्याकाळच्या पाळीत तिला घेतलं आणि रात्री तिचा श्वास सुधारला, तेव्हा मी सगळं कबूल केलं. लायब्ररीला दोष देण्याची सोय होती, पण चूक माझी होती.

‘‘मला त्यातलं काय कळतंय?’’ ती म्हणाली. ‘‘तू केलंय म्हणून आमी बघतो.’’

त्याच रात्री दुरुस्ती फाइलमध्ये लिहिली. कॉम्प्युटर मुद्दाम तीनदा बंद करून पाहिला. केंद्राला पेशंटना पुन्हा फोन करायला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मावशीचाच फोन.

‘‘पान चालू म्हणतंय. निघू ना रं?’’

पान बरोबर होतं, मी तपासलं होतं. तरी माझ्याने हो म्हणवेना. ‘‘थांब,’’ म्हटलं, आणि केंद्राच्या दारात स्वतः जाऊन उभा राहिलो.