टोमणे थांबल्यावर

माझी मुलगी बी.एड. करते, विषय इंग्रजी. कॉलेजचे सराव पाठ ठरीव असतात: मोजकी मिनिटं, मागे बसलेल्या प्राध्यापिका, आधीच पढवून ठेवलेली मुलं. अशाने शिकवणं येणार नाही, हे तिचं तिलाच कळलं. म्हणून सुट्टीत तिने शेजारच्या कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, फुकट वर्ग सुरू केला. चौदा मुलं यायची. मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि बाहेर कट्ट्यावर बसून राहायचो.

त्यांत एक दहा-अकरा वर्षांची पोरगी होती. तिची आई आमच्याकडे मासळी घालते. टोमणा मारल्याशिवाय तिने मला आजवर एक बोंबील दिलेला नाही. "भाऊ, पैसं मोजताव का जप करताव?" हे ठरलेलं. त्यांच्यात टोमणा आपल्या माणसालाच मारतात. परक्याशी नीट बोलतात. पोरगी आईवर गेली होती. माझ्या मुलीला ती "तायडे" म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची, बरोबर असो की चूक.

एकदा कॉलेजच्या प्राध्यापिका मुद्दाम हा वर्ग बघायला आल्या. माझी मुलगी इतकी घाबरली की एकच वाक्य तीनदा बोलली. पोरगी म्हणाली, "तायडे, काटा अरकला का काय घशात? पाणी पी."

वर्ग हसला. प्राध्यापिकाही हसल्या.

"बाहेर हो," माझी मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाचच मुलं आली. पोरगी नव्हती.

"बाबा, शिस्त नको का?" जेवताना मुलीने विचारलं.

"हवी. पण ती तुला पाणी पी म्हणाली."

ती ताटावरून उठली. सकाळी स्वतःच म्हणाली, "मला तिच्याकडे घेऊन चला."

मायलेकी दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. माझी मुलगी म्हणाली, "माझं चुकलं गं. तू ये." आईने मला "बसा, भाऊ" म्हटलं. पुढे टोमणा आला नाही.

"येईन, मॅडम," पोरगी म्हणाली.

त्या दिवशी ती आली, तिच्यामागून बाकीचीही आली. ती शेवटच्या ओळीत बसली. विचारलं की उभी राहायची, बरोबर उत्तर द्यायची, खाली बसायची.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "शेवटपर्यंत मॅडमच म्हणाली."

"सुट्टीचे अजून सहा दिवस आहेत," मी म्हटलं.