अल्सीदचा तांबडा माल

लेओनीस मिशो कारखान्याच्या दारात बटाटे तळायची. मेन राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट जॉन नदीकाठी, वेफर्सच्या कारखान्यात शेतकऱ्याचा ट्रक आला की ती त्यातले चार बटाटे उचलून काप करायची आणि कढईत सोडायची. गोरे निघाले तर माल आत, तांबडे निघाले तर ट्रक माघारी. रडारड करून तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नसे.

त्या मार्चमध्ये तिचा थोरला भाऊ अल्सीद ट्रक घेऊन आला. बापाला पुरलं त्याच संध्याकाळी टेकडीत खणलेल्या घरच्या बटाटाघराला याने कुलूप घातलं होतं. "बटाटाघर सांभाळणं बाईचं काम नव्हे," असंही सुनावलं होतं. बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षं ते उबेत राखलं होतं हिनेच. डूख धरावा तर लेओनीसने.

काप वर आले ते करपल्या साखरेच्या रंगाचे.

"तेल जुनं आहे तुझं," अल्सीद गुरगुरला.

"मघाशी थेरिओच्या ट्रकातला माल याच तेलात गोरापान निघाला. पुन्हा बघायचंय? घे, तुझ्या हाताने काप."

त्याने कापले, तिने तळले. आणखीच काळे.

"कोंब येऊ नयेत म्हणून बटाटाघराचे झरोके उघडे टाकलेस ना, दादा?"

"मग? बघ की, कसा दगडासारखा टणक माल आहे!"

टणक होता खरा. पण बटाटा गारठला की पोटातल्या पिठाची साखर करतो, आणि तापल्या तेलात ती साखर त्याच्याच अंगच्या अमायनो आम्लांशी भिडली की काप तांबडा होतो, कडूही लागतो. यावर उपाय होता आणि तो तिला पाठ होता. विचारलं तर सांगायचा, एवढं तिने ठरवलं. त्याने विचारू नये म्हणून मात्र मनातल्या मनात मारियामातेचा धावा चालला होता.

माता पावली. "बाईमाणसाच्या हाती कढई दिली की असंच व्हायचं," म्हणत अल्सीद ट्रकमध्ये चढला.

पुढे अख्खं बटाटाघर त्याने गायींपुढे ओतलं. गावात हसं झालं. लेओनीस रोज त्याच रस्त्याने कामाला जायची आणि गायींची सुटलेली पोटं डोळे भरून बघायची. सगळं रिकामं झाल्यावर रविवारी तिने त्याला चर्चच्या पायरीवर गाठलं.

"झरोके लावून, शेगडी पेटवून दोन-तीन आठवडे उबेत ठेवले असतेस ना, तर साखर उतरली असती. गोरे तळले गेले असते. एका हिवाळ्यात बाबांनी आणि मी सगळं पीक असंच वाचवलं होतं."

अल्सीदचं तोंड उतरलं. "आणि हे आत्ता सांगतेस? तेव्हा दातखीळ बसली होती?"

"बटाटाघर बाईचं काम नव्हे ना, दादा!"

हातमोजे काढत ती आत गेली. त्या दिवशी क्षमेवर प्रवचन होतं. लेओनीसने ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि त्यातलं काहीएक केलं नाही.