शाबूत पराचे पिल्लू

थेल्माने आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. तरुणपणी ती खाडीच्या तोंडावरच्या कारखान्यात सॅमन माशांची डोकी उडवायची. पुढे नदीतला मोठा चिनूक सॅमन आटत गेला, कारखान्याला कुलूप लागले आणि ती आपल्या आदिवासी जमातीच्या मत्स्य कार्यालयात लागली. "आधी मारायची, आता मोजायची," असे तिचा मावसभाऊ मार्व्हिन चारचौघांत सांगे. थेल्मा हसत नसे, पण रागावतही नसे.

खाडीच्या दक्षिण काठचा खारबांध फोडावा असे कार्यालयाने ठरवले, तेव्हा आड आले ते एल्वुडमामाचे घर. नकाशे घेऊन आलेल्या साहेबांना मामाने कॉफी पाजून वाटेला लावले होते. मग थेल्मा गेली. "मामा, सॅमनच्या पिल्लांना समुद्रात उतरण्याआधी वाढायला उथळ पाणी लागतं. तुझ्या कुरणात वाढतील बघ," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाचे त्याने ऐकले नसते. मामा वर हमरस्त्यालगतच्या दोन खोल्यांत राहायला गेला, घर पाडले, बांध फोडला, आणि त्याच दिवशी भरतीचे पाणी त्याच्या परसात शिरले.

कुरणाचे खाजण उत्तम जमले. लव्हाळे वाढले, बगळे आले, चिखलातून पाण्याच्या नाळ्या फुटल्या. दर वसंतात भरती पुरती चढली की थेल्मा आणि मार्व्हिन तिथे रापण ओढत. जाळ्यात चिनूकची पिल्लेही येत, पण ती हॅचरीतली, माणसांनी टाक्यांत वाढवून नदीत सोडलेली. तिथे सोडण्यापूर्वी पिल्लाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा मऊ पर कापतात. काहींचा पर तसाच ठेवतात, पण नाकाडात तारेचा बारीक तुकडा घालतात. त्यावर धातू ओळखणारी कांडी फिरवली की ती वाजते. पर शाबूत आणि कांडी गप्प, तर ते पिल्लू नदीचे. तसे एकही अजून मिळाले नव्हते. वर नदी उन्हाळ्यात कोमट होते, अंडी तिथेच नासतात. इथे घर तयार होते, राहणारे उरले नव्हते.

तरी कार्यालयाला आता उत्तर काठचा बांधही हवा होता. त्याच्या मागे मामाची बहीण इर्मा राहायची. "एल्वुडच्या कुरणात नदीचं एक पोर दाखवा, मग मी घर सोडून उठते," एवढेच ती म्हणे.

त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. मार्व्हिन बादलीतून एकेक पिल्लू काढून अंगठ्याने पाठ चाचपत होता.

"कापलेला. कापलेला. हाही कापलेला. ताई, सगळे एकाच न्हाव्याकडचे दिसतात." मग तो थांबला. "हे बघ."

थेल्माने पिल्लू ओल्या तळहातावर घेतले. बोटभर लांब, अंगावर गडद पट्टे, आणि पाठीवर इवलासा पूर्ण पर. तिने कांडी फिरवली. कांडी गप्प.

"झालं की," मार्व्हिन हळूच म्हणाला.

"दोनदा फिरवायची असते."

"एकदा गप्प बसली ना? कशाला तिला बोलकं करतेस?"

थेल्माने कांडी नाकाडाला अगदी टेकवून पुन्हा फिरवली. ती वाजली. तिने तिसऱ्यांदा फिरवली. पुन्हा वाजली. मार्व्हिनने पिल्लू तिच्या हातातून घेतले आणि पाण्यात सोडले.

दुपारी ती मामाकडे गेली. त्याने मटारचे सूप तापवून ठेवले होते. गेल्या हिवाळ्यापासून त्याला छातीचा त्रास होता. खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागत.

"आली का आपली?" त्याने विचारले.

थेल्मा नाही म्हणणारच होती. पण त्याचे हात तिला दिसले.

"एक आलं, मामा. पर शाबूत होता."

यात खोटे काहीच नव्हते. मामाने सूप तसेच टाकून फोन ओढला.

"कुणाला लावतोस?"

"इर्माला. गेल्या आठवड्यात मला म्हणाली, घर घालवून बेडूक पाळलेस. आता ऐक म्हणावं." पलीकडे फोन उचलला गेला. "इर्मा? थेल्मा बसलीय समोर. मिळालं. हो, माझ्याच कुरणात. मग आता? शब्द दिलायस तू... रड, रड. मीही रडलो होतो. पण त्या कार्यालयवाल्यांना बोलाव आणि सही करून टाक."

थेल्माच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला.

"मामा, थांब."

"काय गं?"

"कांडी वाजली होती. दुसऱ्या वेळेला. हॅचरीतलंच होतं."

मामाने फोन छातीशी धरला. आतून इर्माचा बारीक आवाज येत होता.

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"तेव्हाही तसंच होतं का? कुरणात वाढतील म्हणालीस तेव्हा?"

"नाही मामा. तेव्हा मला खरंच वाटत होतं."

तो मान हलवत राहिला. ती मान्य केल्याची खूण होती की नुसता थकवा, ते तिला कळेना.

"इर्माला थांब म्हणायला तू आहेस," तो म्हणाला. "माझ्या वेळी कुणी नव्हतं."

त्याने फोन पुढे केला. "घे. तूच सांग तिला. मला नाही जमायचं."

थेल्माने फोन कानाला लावला. इर्मामावशी रडतच विचारत होती, कपाट उचलायला माणसे कार्यालय देईल का.

"मावशी," थेल्मा म्हणाली, "मी थेल्मा बोलतेय. कपाट राहू दे."