मातीचं पांघरूण

खाप्याजवळ कन्हान नदीच्या काठी आमची संत्र्याची बाग होती. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरला शेतकी कॉलेजात शिकत होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. खरं सांगतो, बरंचसं कळतही होतं.

त्या वर्षी झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळू लागला. पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. पोटच्या पोरासारखी जपलेली बाग तोडून कापूस लावायचं बाबांनी ठरवलं, लाकूडवालाही बोलावला.

दुखणं मला पाहताक्षणी कळलं. संत्र्याचं कलम जांभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर बांधतात. तो सांधा उघडा राहायला हवा. बाबा मात्र दरवर्षी मायेनं बुंध्याला माती चढवायचे आणि आळ्यात पाणी तुंबवायचे. सांधा मातीखाली कुजत होता.

"बाबा, माती काढा. झाडं मरून राहिली."

"काहून? लेकराले पांघरूण घालणं पाप हाय का? तू मले शिकवून राहिला?"

बाबांपुढे माझी मात्रा चालेना. मग मी कॉलेजच्या रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्यांनाच एसटीनं घेऊन आलो. त्यांना जेमतेम सही यायची, पण कलम बांधायला आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते एका झाडाशी बसले, नखांनी माती उकरली आणि सडकी साल बाबांच्या नाकाशी धरली.

"वास घ्या भाऊ. नाक दाबलं गा तुम्ही याचं."

बाबांनी स्वतःच कुदळ घेतली. लाकूडवाला आल्या पावली परत गेला.

आम्ही सांधे मोकळे केले, मोरचूद-चुन्याचा लेप दिला, पाण्याचं आळं बुंध्यापासून लांब सरकवलं. काही झाडं गेलीच. उरलेली दुसऱ्या वर्षी बहरानं लवली.

पहिल्या तोडीची टोपली बाजारात न नेता बाबा कॉलेजात घेऊन आले. प्राध्यापकांनी विचारलं, बाग वाचवली कोणी? माळीदादांचं नाव येणार हे मी धरूनच चाललो होतो.

"पोरानं आधीच सांगतलं होतं जी," बाबा म्हणाले. "माह्याच कानावर माती चढली होती."

त्यांनी मला तोंडावर कधीच शाबासकी दिली नाही. तेव्हाही ते प्राध्यापकांकडेच पाहत होते.